सिनेमा पाहायला गेमिंग कन्सोल पुरतो की वेगळा ब्लू-रे प्लेयर घ्यावा?

घरात कन्सोल आहे, त्यात डिस्क जाते आणि टीव्हीही ४के आहे. मग सिनेमासाठी आणखी एक खोका कशाला? बहुतेकांना तो नकोच असतो. मात्र कन्सोल खोक्यातून काढून नुसता जोडलेला असेल, तर सिनेमाचं चित्र आणि आवाज दोन्ही अर्धवट मिळत असण्याची शक्यता मोठी. कन्सोलच्या मूळ सेटिंग्ज गेमचा विचार करून ठेवलेल्या असतात आणि सिनेमाला लागणाऱ्या तीन-चार गोष्टी हाताने लावाव्या लागतात. आधी त्या लावाव्यात आणि तरीही काही अडलं तरच प्लेयरचा विचार करावा, असा आमचा सल्ला आहे. ज्यांना गेम खेळायचेच नाहीत, त्यांनी मात्र केवळ सिनेमासाठी कन्सोल घेऊ नये.

तुमचा कन्सोल नेमकं काय वाजवतो?

एकाच नावाच्या कन्सोलचे प्रकार अनेक आणि त्यांच्या ड्राइव्ह वेगवेगळ्या, म्हणून सुरुवात मॉडेलपासून करा.

- प्लेस्टेशन ३ (२००६): डीव्हीडी, ब्लू-रे, थ्रीडी ब्लू-रे आणि ऑडिओ सीडी. ४के डिस्क नाही.
- प्लेस्टेशन ४ (२०१३) आणि ४ प्रो (२०१६): डीव्हीडी आणि ब्लू-रे, थ्रीडीसह. नावात प्रो असलं आणि गेम ४के दिसत असले तरी ४के यूएचडी डिस्क (४के चित्र असलेली ब्लू-रे) त्यात वाजत नाही. जुना कन्सोल विकत घेणारे सर्वांत जास्त इथेच फसतात. ऑडिओ सीडीही वाजत नाही.
- प्लेस्टेशन ५ (२०२०), ड्राइव्ह असलेला: डीव्हीडी, ब्लू-रे, ४के यूएचडी. थ्रीडी नाही, ऑडिओ सीडी नाही, डॉल्बी व्हिजन (प्रसंगागणिक उजेड जुळवणारी चित्राची पद्धत) नाही.
- एक्सबॉक्स वन (२०१३): ब्लू-रेपर्यंतच. वन एस (२०१६) आणि वन एक्स (२०१७): ४के यूएचडीसुद्धा.
- एक्सबॉक्स सिरीज एक्स (२०२०): डीव्हीडी, ब्लू-रे, ४के यूएचडी, ऑडिओ सीडी. थ्रीडी नाही.

सिरीज एस, वन एसची ऑल-डिजिटल आवृत्ती आणि सिरीज एक्सची डिजिटल आवृत्ती यांना ड्राइव्हच नाही आणि ती बसवताही येत नाही. २०२३ मध्ये आलेल्या बारीक पीएस५ च्या डिजिटल आवृत्तीला आणि २०२४ च्या पीएस५ प्रोला सुटी ड्राइव्ह जोडता येते, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. ड्राइव्ह आणि कन्सोल यांची ओळख ऑनलाइन पटवली जाते, त्यानंतरच डिस्क चालते. एक्सबॉक्सवरही ब्लू-रे प्लेयरचं ॲप स्टोअरमधून आधी उतरवून घ्यावं लागतं. पाहुणे येऊन बसल्यावर हे लक्षात येऊ नये, म्हणून डिस्क घालून एकदा आधीच चालवून पाहा.

रीजनचं गणितही इथेच पाहून घ्या. डीव्हीडीला १ ते ६ क्रमांकांचे विभाग आणि ब्लू-रेला ए, बी, सी असे तीन विभाग असतात. कन्सोल ज्या विभागासाठी बनला, त्याच विभागाच्या डिस्क तो वाजवतो आणि ते बदलता येत नाही. ४के यूएचडी डिस्कला मात्र रीजनचं बंधन नसतं. त्याच खोक्यात सोबत दिलेल्या साध्या ब्लू-रेला ते असू शकतं, म्हणून एकाच पाकिटातली एक डिस्क चालते आणि दुसरी अडते.

जोडणी: केबल, पोर्ट आणि टीव्हीतली एक लपलेली सेटिंग

२४ फ्रेमचा ४के एचडीआर (उजेड आणि रंगांचा पल्ला मोठा असलेला) सिनेमा १८ गिगाबिट क्षमतेच्या प्रीमियम हाय स्पीड एचडीएमआय केबलमधून आरामात जातो. पीएस५ आणि सिरीज एक्ससोबत मिळणारी अल्ट्रा हाय स्पीड केबल ४८ गिगाबिटची असते, तीच वापरा. जुनी, लांब, भिंतीतून ओढलेली केबल असेल तर चित्रात पांढरे ठिपके चमकतात किंवा पडदा क्षणभर काळा होतो.

पुढची पायरी बरेच जण विसरतात. टीव्हीच्या प्रत्येक एचडीएमआय पोर्टला पूर्ण क्षमतेचा सिग्नल स्वीकारण्याची परवानगी वेगळी द्यावी लागू शकते. सॅमसंगमध्ये तिचं नाव इनपुट सिग्नल प्लस, सोनीमध्ये एन्हान्स्ड फॉरमॅट, एलजीमध्ये एचडीएमआय डीप कलर. ती बंद असेल तर कन्सोल मुकाट्याने एचडीआर बंद करतो आणि कुठेही तक्रार दाखवत नाही.

कन्सोल ठेवताना चारही बाजूंनी निदान १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. बंद कपाटात गरम हवा कोंडते, पंखा जोरात फिरू लागतो आणि सिनेमातल्या शांत प्रसंगात तो घरघरतो. गेमच्या आवाजात हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

प्लेस्टेशन ५ लावताना

१. सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय या मार्गाने जाऊन एचडीसीपी (नक्कल रोखणारं संरक्षण) चालू आहे ना ते पाहा. गेमचं चित्रण बाहेरच्या यंत्रावर करण्यासाठी कुणी ते बंद केलं असेल, तर सिनेमा सुरूच होणार नाही. त्याच पानावर एचडीएमआय डिव्हाइस लिंक चालू केली की कन्सोलसोबत टीव्हीही चालू-बंद होतो.

२. स्क्रीन अँड व्हिडिओमधल्या व्हिडिओ आउटपुटमध्ये रिझोल्यूशन ऑटोमॅटिक ठेवा. एचडीआरसाठी ‘ऑन व्हेन सपोर्टेड’ निवडा, ‘ऑलवेज ऑन’ नको. ऑलवेज ऑन ठेवलं तर डीव्हीडी आणि साधी ब्लू-रेसुद्धा एचडीआरच्या साच्यात ओतली जाते. मग त्वचेचे रंग विचित्र दिसतात आणि दोष डिस्कला दिला जातो.

३. आरजीबी रेंज (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचा पल्ला) ऑटोमॅटिक असू द्या. टीव्ही लिमिटेड आणि कन्सोल फुल अशी गफलत झाली, तर सावल्या काळ्या गोळ्यासारख्या दिसतात. उलट गफलत झाली तर काळा रंग राखाडी आणि धुरकट होतो.

४. डिस्क चालू असताना ऑप्शन्स बटण दाबा, तीन ठिपक्यांच्या चिन्हातून सेटिंग्जमध्ये जा आणि ऑडिओ फॉरमॅट बिटस्ट्रीम (आवाज न उलगडता जसाच्या तसा पाठवणं) करा. सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आणि ती मुख्य मेनूत नसल्यामुळे सापडत नाही. साउंडच्या मुख्य मेनूत निवडलेला फॉरमॅट वेगळा आणि डिस्क प्लेयरचा वेगळा. २४ हर्ट्झमध्ये चित्र पाठवण्याचा पर्याय ऑटोमॅटिक ठेवा, बंद नको.

५. एचडीआर ॲडजस्ट करण्याचा जो तीन चित्रांचा विधी आहे, तो गेमसाठी आहे. डिस्कवरच्या सिनेमाचं चित्र त्याने सुधारेल अशी आशा ठेवू नका.

चित्र मध्येच जात असेल आणि केबल लगेच बदलणं शक्य नसेल, तर व्हिडिओ आउटपुटमधला ४के व्हिडिओ ट्रान्सफर रेट उणे १ किंवा उणे २ करून पाहा. सिग्नलचा भार कमी होतो आणि कमकुवत केबलही तग धरते. २४ फ्रेमच्या सिनेमाचं त्यात काही बिघडत नाही.

एक्सबॉक्स लावताना

सेटिंग्ज, जनरल, टीव्ही अँड डिस्प्ले ऑप्शन्स, व्हिडिओ मोड्स इथे जा. अलाऊ ४के, अलाऊ एचडीआर१० आणि अलाऊ २४ हर्ट्झ या तिन्ही चौकटींवर खूण हवी. ५० हर्ट्झचीही परवानगी देऊन ठेवा. पाल या टीव्ही पद्धतीची (भारत, युरोप) डीव्हीडी आणि ५० हर्ट्झवर चित्रित झालेले कार्यक्रम तिच्यामुळे सरळ हलतात. व्हिडिओ फिडेलिटीच्या पानावर कलर स्पेस स्टँडर्ड ठेवा, पीसी आरजीबी नको.

आवाजासाठी व्हॉल्यूम अँड ऑडिओ आउटपुटमध्ये एचडीएमआय ऑडिओ बिटस्ट्रीम करा. एवढ्यावर थांबलात तर डिस्कवरचा मूळ आवाज रिसिव्हरकडे (स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरकडे) जसाच्या तसा जात नाही. डिव्हाइसेस अँड कनेक्शन्समधलं ब्लू-रेचं पान उघडून रिसिव्हरला आवाज उलगडू द्या, अशा अर्थाच्या चौकटीवर खूण करायची असते. या दोन सेटिंग्ज दोन टोकांना का ठेवल्या हे त्यांनाच माहीत.

सिरीज एक्सबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. कन्सोलच्या जाहिरातीत डॉल्बी व्हिजन असतं आणि ते खरंही आहे, पण फक्त स्ट्रीमिंग आणि गेमपुरतं. यूएचडी डिस्कवरचं डॉल्बी व्हिजन तो वाजवत नाही. डिस्क अडत मात्र नाही, कारण डॉल्बी व्हिजनच्या प्रत्येक यूएचडी डिस्कमध्ये खाली एचडीआर१० चा (एचडीआरच्या मूळ, साध्या प्रकाराचा) थर असतोच आणि कन्सोल तो दाखवतो.

लावलेलं खरंच लागलं का?

सेटिंग्जवर विसंबू नका. सिनेमा चालू असताना टीव्हीच्या रिमोटवरचं माहितीचं बटण दाबा. यूएचडी डिस्कसाठी २१६०पी, २४ हर्ट्झ आणि एचडीआर असं दिसायला हवं. ६० हर्ट्झ दिसलं तर २४ चा पर्याय बंद आहे. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा ६० मध्ये बसवताना एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. त्यामुळे कॅमेरा संथपणे आडवा फिरतो तेव्हा चित्र अडखळतं. तपासायला सोपी जागा म्हणजे शेवटची श्रेयनामावली. वर सरकणारी अक्षरं ठरावीक तालात गचके खात असतील, तर रोग हाच. काही टीव्ही ६० मधूनही मूळ २४ फ्रेम बाहेर काढतात, पण त्यांच्या भरवशावर राहायचं कारण नाही.

त्यानंतर टीव्हीचा पिक्चर मोड पाहा. कन्सोलमुळे टीव्ही गेम मोडमध्ये अडकलेला असतो आणि सिनेमाही त्याच निळसर, कडक चित्रात पाहिला जातो. फिल्ममेकर, सिनेमा किंवा मूव्ही मोड निवडा. बरेच टीव्ही साधं चित्र आणि एचडीआर यांचे मोड वेगळे लक्षात ठेवतात. म्हणून साधी ब्लू-रे लावून एकदा आणि यूएचडी लावून पुन्हा एकदा मोड बदलावा लागतो. चित्र गुळगुळीत करणारी मोशनची सेटिंग तेव्हाच बंद करून टाका.

आवाजाची वाट: इथे सर्वांत जास्त गळती होते

यूएचडी आणि ब्लू-रेवर डॉल्बी ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ हे आवाज असतात. त्यांत काहीही कापलेलं नसतं, म्हणून ते जागा जास्त घेतात: ट्रूएचडी सेकंदाला १८ मेगाबिटपर्यंत आणि डीटीएस-एचडी २४.५ मेगाबिटपर्यंत. ॲटमॉस म्हणजे स्वतंत्र आवाज नव्हे. कोणता आवाज कुठून कुठे सरकतो याची ती माहिती असते आणि डिस्कवर ती ट्रूएचडीच्या पोटातून येते. कन्सोलने आवाज स्वतःच उलगडून पीसीएममध्ये (उलगडलेल्या साध्या डिजिटल आवाजात) पाठवला तर ७.१ चॅनेल पूर्ण येतात, गुणवत्ताही तीच राहते, पण ॲटमॉसची ती माहिती वाटेतच गळते. छतावरचे स्पीकर मग गप्प बसतात.

रिसिव्हरवर काय लिहून येतं यावरून लगेच कळतं. ॲटमॉस, ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी असं दिसलं तर बिटस्ट्रीम पोहोचला. मल्टिचॅनेल किंवा पीसीएम दिसलं तर कन्सोलच उलगडतो आहे. ज्यांच्याकडे फक्त ५.१ स्पीकर आहेत, त्यांचं पीसीएमने काहीच नुकसान नाही. उलट बिटस्ट्रीम निवडल्यावर मेनूचे आवाज आणि काही डिस्कवरची चित्रासोबत चालणारी दुय्यम भाष्यं ऐकू येईनाशी होतात.

शक्य असेल तर कन्सोल आधी रिसिव्हरला आणि रिसिव्हर टीव्हीला जोडा. साउंडबारला एचडीएमआय इनपुट नसेल तर कन्सोल टीव्हीला आणि तिथून साउंडबारला, अशी वाट उरते. त्या वाटेत टीव्हीचा पोर्ट साधा एआरसी (टीव्हीतून आवाज साउंडबारकडे पाठवणारी एचडीएमआयची सोय) असेल तर क्षमता साधारण १ मेगाबिटच्या आसपास, म्हणजे ट्रूएचडी जाणं शक्यच नाही. ईएआरसी या तिच्या सुधारित आवृत्तीची क्षमता ३७ मेगाबिटपर्यंत असते. टीव्ही आणि साउंडबार दोघांनाही ईएआरसी हवं, एकाकडे असून भागत नाही.

ईएआरसी असूनही एक अडचण येते: काही टीव्ही डीटीएसचा आवाज पुढे पाठवतच नाहीत. पुष्कळ ब्लू-रेवर मुख्य आवाज डीटीएसचाच असतो. परिणामी एक डिस्क उत्तम वाजते आणि दुसरीला आवाजच नाही, असा गोंधळ होतो. अशा वेळी त्या डिस्कपुरतं ऑडिओ फॉरमॅट पीसीएम करा. ईएआरसी बहुचॅनेल पीसीएम वाहून नेतं, आवाज परत येतो. साध्या एआरसीतून पीसीएम फक्त दोन चॅनेल जातं, म्हणून तिथे डॉल्बी डिजिटलचा ट्रॅक निवडलेला बरा.

जुना पण चांगला रिसिव्हर असेल आणि त्याला एचडीएमआय नसेल, तर पंचाईत होते. पीएस५ आणि सिरीज एक्स या दोघांनाही ऑप्टिकल आउटपुट नाही. टीव्हीच्या ऑप्टिकलमधून काम भागतं, पण त्यातून जास्तीत जास्त डॉल्बी डिजिटल किंवा साधं डीटीएस जातं.

प्लेयर कधी घ्यावा

वरच्या सगळ्या गोष्टी लावूनही पुढीलपैकी काही तुमच्या बाबतीत खरं असेल, तर वेगळा प्लेयर पैसे वसूल करून देतो.

पहिली बाब डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+. एचडीआर१० मध्ये उजेडाची माहिती सिनेमाभर एकच असते, या दोघांत ती प्रसंगागणिक बदलते. डिस्कवरचा सिनेमा बरेचदा १,००० किंवा ४,००० निट्सच्या (निट म्हणजे उजेडाचं माप) पडद्यावर तयार केलेला असतो. तुमचा टीव्ही तितका उजेड देत नसेल तर जादाचा उजेड कुठे आणि कसा दाबायचा हे कुणालातरी ठरवावं लागतं. टीव्ही मध्यम ताकदीचा असेल तर फरक दिसतो, अतिशय तेजस्वी टीव्हीवर तो कमी होतो. प्रोजेक्टरवाल्यांना तर प्लेयरचाच आधार असतो. पॅनासॉनिकच्या यूबी८२० सारख्या प्लेयरमध्ये पडद्याचा प्रकार सांगितला की उजेड प्लेयरच बसवून पाठवतो. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ दोन्ही त्यात आहेत. सोनीच्या एक्स७०० मध्ये डॉल्बी व्हिजन आहे, पण ते डिस्कनुसार हाताने चालू-बंद करावं लागतं. विसरलात तर साधी एचडीआर१० डिस्कही डॉल्बी व्हिजन म्हणून बाहेर पडते आणि रंग चुकतात.

दुसरी बाब रिसिव्हर. तो एचडीएमआयचा असूनही ४के एचडीआर पुढे पाठवू शकत नसेल, तर दोन एचडीएमआय आउटपुट असलेला प्लेयर घ्या: एक थेट टीव्हीला चित्रासाठी, दुसरा रिसिव्हरला आवाजासाठी. कन्सोलला आउटपुट एकच. नवा रिसिव्हर घेण्यापेक्षा हे बरंच स्वस्तात पडतं.

तिसरी बाब डीव्हीडीचा मोठा संग्रह. डीव्हीडीचं चित्र ४८० किंवा ५७६ ओळींचं असतं आणि ४के पडद्यासाठी ते मोठं करावं लागतं. काही प्लेयर मूळ ४८०आय किंवा ५७६आय सिग्नल तसाच देऊ शकतात, मग ते काम टीव्हीच्या चांगल्या प्रोसेसरकडे सोपवता येतं. पीएस५ किंवा सिरीज एक्समधून तसा सिग्नल निघत नाही. एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी), डीव्हीडी-ऑडिओ, थ्रीडी यांचा शौक असेल तर या दोन कन्सोलचा प्रश्नच नाही, प्लेयरच लागतो.

उरलेल्या गोष्टी सोयीच्या. प्लेयरला सिनेमा दाखवायला थोडेच वॅट पुरतात, कन्सोल त्याच कामाला कैक पट वीज खातो. प्लेयरचा रिमोट अंधारात बोटांना सापडतो. गेमचा कंट्रोलर सोफ्यावर ठेवला की कुणाचा तरी धक्का लागतो आणि सिनेमा दहा सेकंद पुढे पळतो. कन्सोलवरच राहणार असाल तर मीडिया रिमोट वेगळा घ्या. पीएस५ ला ब्लूटूथचाच रिमोट लागतो, साधे इन्फ्रारेड रिमोट त्याला कळत नाहीत. सिरीज एक्सला इन्फ्रारेड चालतो.

प्लेयर घेताना बाजार आटतो आहे हे ध्यानात ठेवा. ओप्पो २०१८ मध्ये, सॅमसंग २०१९ मध्ये आणि एलजी २०२४ मध्ये या धंद्यातून बाहेर पडले. वापरलेला प्लेयर घेत असाल तर १०० जीबीची तीन थरांची डिस्क सोबत नेऊन शेवटचा अर्धा तास चालवून पाहा. लेसर थकला असेल तर साधी ब्लू-रे छान चालते आणि थरांच्या बदलाच्या जागी यूएचडी अडकते.

अडलं तर

डिस्क एकाच ठिकाणी थबकत असेल तर आधी ती पुसा: मऊ, कोरड्या कापडाने मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल पुसलं तर पडलेला ओरखडा डेटाच्या वाटेलाच समांतर जातो आणि वाचणं आणखी अवघड होतं. यूएचडीमध्ये १०० जीबी माहिती त्याच १२ सेंटिमीटरच्या चकतीवर असल्याने बोटाचा ठसाही तिला जड जातो. नवीकोरी डिस्कही कधी कधी कारखान्याचा चिकट थर घेऊन येते.

नवी डिस्क अजिबात सुरू होत नसेल तर सॉफ्टवेअर अपडेट करा. डिस्कच्या संरक्षणाच्या किल्ल्या बदलत असतात. कन्सोल स्वतःहून अपडेट होत राहतो, प्लेयरला मात्र इंटरनेट जोडून किंवा यूएसबीवरून अपडेट द्यावं लागतं. एक्सबॉक्सवर मेनू लटकत असेल तर ब्लू-रेच्या पानावरची पर्सिस्टंट स्टोरेज पुसून कन्सोल पुन्हा सुरू करा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर दुरुस्ती एकाच ठिकाणी करा, शक्यतो रिसिव्हर किंवा साउंडबारवर. टीव्ही, कन्सोल आणि साउंडबार अशा तिन्ही ठिकाणी थोडं थोडं फिरवलं की नंतर नेमकं काय बिघडलं ते शोधता येत नाही.

पेन ड्राइव्हवरची फाइल पीएस५ ला दिसत नसेल तर पेन ड्राइव्ह एनटीएफएसमध्ये (विंडोजच्या फॉरमॅटमध्ये) आहे का पाहा. पीएस५ ला एक्सफॅट किंवा फॅट३२ लागतं आणि फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणून एक्सफॅटच करा. एक्सबॉक्स एनटीएफएसही वाचतो आणि त्यावर व्हीएलसी किंवा कोडी हे सिनेमे चालवणारं ॲप बसवता येतं. पेन ड्राइव्हवरचे सिनेमेच जास्त पाहणार असाल तर या बाबतीत तोच उजवा.